गरिबांची ढाल सम्राटाच्या हातात कशी गेली?

रोमच्या सम्राटांची नाणी आज जगभरच्या वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात. एका बाजूला सम्राटाचा चेहरा आणि त्याच्याभोवती त्याच्या पदव्या. त्या पदव्यांमध्ये एक छोटी खूण पुन्हा पुन्हा दिसते. तिचा अर्थ आहे ‘ट्रिब्यूनचा अधिकार’. त्यापुढे अनेकदा आकडा असतो, म्हणजे हा अधिकार हाती असल्याचे कितवे वर्ष. सम्राट आपल्या राज्याची वर्षे याच अधिकारावरून मोजत.

आता हा ट्रिब्यून कोण? तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, पुरोहितही नव्हता. उमरावांच्या जुलमाने आणि कर्जाने पिचलेल्या रोमच्या सामान्य माणसाने लढून मिळवलेला तो आपला रक्षक होता. सत्ताधाऱ्याचा उगारलेला हात धरण्यासाठी जे पद जन्माला आले, तेच पुढे त्या काळच्या सर्वांत बलाढ्य सत्ताधाऱ्याचे आसन झाले. हे कसे घडले? रोमच्या राज्यकर्त्यांनी सत्ता कशी मिळवली, या प्रश्नाचे खरे उत्तर लढायांच्या वर्णनात नाही. ते या एका पदाच्या प्रवासात आहे.

चळवळीच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेल्या आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात, म्हणजेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात, बाबासाहेबांनी रोमच्या याच सामान्य जनांचा दाखला दिला आहे. तो त्यांनी का दिला, हे समजून घ्यायचे तर मुळापासून सुरुवात करावी लागेल.

जन्मावरून ठरणारी सत्ता

रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमच्या लोकांनी शेवटचा राजा हाकलून दिला आणि प्रजासत्ताक स्थापन केले. राजाच्या जागी दोन कॉन्सल आले. त्यांची मुदत एक वर्ष, आणि एकाने दुसऱ्याला अडवायचे अशी सोय. ऐकायला फार सुंदर व्यवस्था! पण कॉन्सल होणार कोण? पॅट्रिशियन, म्हणजे काही ठरावीक उच्च कुळांत जन्मलेले उमराव. सिनेट त्यांची, पुरोहितपद त्यांचे, न्यायनिवाडा त्यांचा. कायदा लिहिलेला नव्हता, तो उमरावांच्या मुखात होता. उरलेला सगळा समाज म्हणजे प्लेबियन. शेती त्याने करायची, युद्धात मरायचे त्याने. युद्धावरून परत येईपर्यंत शेत ओसाड झालेले असायचे, कर्ज काढावे लागायचे आणि कर्ज फिटले नाही की स्वतःचे शरीरच सावकाराकडे गहाण पडायचे. राजा गेला होता, पण राजेशाहीचा जाच गेला नव्हता.

इ.स.पू. ४९४ मध्ये या लोकांनी एक अपूर्व गोष्ट केली. शत्रू समोर असताना त्यांनी शहर सोडले आणि जवळच्या ‘पवित्र टेकडी’वर जाऊन बसले. दगड उचलला नाही, रक्त सांडले नाही. तुमचे शहर तुम्हीच चालवा, तुमचे युद्ध तुम्हीच लढा, एवढेच सांगितले. उमराव हादरले. त्या तडजोडीतून ट्रिब्यून हे पद निर्माण झाले.

ट्रिब्यून प्लेबियनच असला पाहिजे, उमरावाला ते पद घेता येणार नाही, असा दंडक होता. त्याची निवड प्लेबियनांनीच करायची. कोणत्याही अधिकाऱ्याने सामान्य माणसावर अन्याय केला तर ट्रिब्यून मध्ये पडून ‘मी मनाई करतो’ असे म्हणू शकत होता आणि कॉन्सललाही थांबावे लागत होते. त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असायचे, कारण फिर्याद घेऊन कोण केव्हा येईल याचा नेम नव्हता. त्याच्या अंगाला हात लावणारा माणूस शापित ठरे, आणि अशा माणसाला जिवंत सोडायचे नाही अशी शपथ प्लेबियनांनी घेतली होती. ट्रिब्यूनपाशी सैन्य नव्हते. त्याच्यामागे फक्त लोकांची शपथ उभी होती. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी कहाणी याच मुद्द्यावर फिरते.

दोनशे वर्षांचा लढा आणि त्याचे फळ

पुढचा लढा दोनशे वर्षे चालला. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये कायदे बारा फलकांवर लिहिले गेले. पण त्यातच एक कलम होते : पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात विवाह होऊ शकत नाही! रोटी-बेटी व्यवहाराची बंदी काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने ही बंदी उठवायला लावली. तेव्हा रक्त मिसळेल आणि देवांचे कौल बिघडतील, अशी ओरड उमरावांनी केली, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. देश वेगळा, काळ वेगळा, पण युक्तिवाद किती ओळखीचा!

इ.स.पू. ३६७ मध्ये कॉन्सलचे पद प्लेबियनांना खुले झाले. इ.स.पू. ३२६ च्या सुमारास कर्जासाठी शरीर गहाण पडण्याची पद्धत मोडली. इ.स.पू. ३०० मध्ये पुरोहितमंडळांत प्लेबियनांना जागा मिळाल्या आणि इ.स.पू. २८७ मध्ये प्लेबियनांच्या सभेने केलेला ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक ठरला. हे यश खरे होते. ते भांडून मिळवलेले होते, कुणी दान दिलेले नव्हते.

मग या यशाला भोक कुठे पडले? तीन ठिकाणी पडले.

पहिले भोक मतदानात. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत प्रत्येक माणसाचे मत मोजले जात नसे, गटाचे मत मोजले जाई. मूळ रचनेत असे १९३ गट होते. त्यांपैकी घोडेस्वारांचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८०, मिळून ९८. म्हणजे धनिक एक झाले की बहुमत तिथेच पूर्ण झाले आणि खालच्या लोकांची पाळी येण्याआधीच मतदान संपले. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा हजारो लोकांचा मिळून गट किती? एक! पुढे या रचनेत थोडा बदल झाला, तरी धनिकांचे पारडे जडच राहिले. मत सर्वांना होते, मूल्य सर्वांना नव्हते.

दुसरे भोक धर्मात. बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले आहे. त्यांचा मुद्दा असा की, प्लेबियनांनी आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क तर मिळवला, पण निवडलेला माणूस देवतेला मान्य आहे की नाही हे सांगणारे पुरोहित उमरावांतले होते. स्वाभिमानी, कणखर माणूस निवडला की देवतेचा कौल विरुद्ध जायचा. आणि प्लेबियनांचाही त्या कौलावर विश्वास असल्यामुळे, त्यांनी लढून मिळवलेले सोडले पण धर्म सोडला नाही. आर्थिक सत्ता हीच एकमेव सत्ता असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी दिलेले हे उत्तर होते. पक्ष्यांच्या उडण्यावरून आणि आकाशातल्या चिन्हांवरून शकुन पाहून भरलेली सभा थांबवण्याची सोय रोमच्या राजकारणात अखेरपर्यंत होती.

तिसरे भोक स्वतःच्याच घरात. वर गेलेली श्रीमंत प्लेबियन कुटुंबे उमरावांशी सोयरिकी करून नवा सत्ताधारी वर्ग बनली. ट्रिब्यून हे पद लढ्याचे ठाणे राहिले नाही. अनेकांसाठी ती सिनेटमध्ये जाण्याची पायरी झाली. दार उघडेच होते, पण आतला माणूस बदलला होता.

ट्रिब्यूनचा खून

रोमने युद्धे जिंकली. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज आणि कोरिंथ ही दोन्ही शहरे उद्ध्वस्त केली. लुटीची संपत्ती आली, गुलामांचे तांडे आले. सरकारी जमीन धनिकांनी बळकावली, त्यावर गुलाम राबवले आणि ज्याने युद्ध जिंकून दिले तो शेतकरी भूमिहीन होऊन शहरात आला.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस हा ट्रिब्यून झाला. सरकारी जमीन एका माणसाने ५०० युगेरा, म्हणजे सुमारे ३०० एकरांहून अधिक ठेवू नये, जादा जमीन भूमिहीनांना वाटावी, असा कायदा त्याने मांडला. त्याला पहिली मनाई कुणी केली? सिनेटने नाही, दुसऱ्या ट्रिब्यूनने! मार्कस ऑक्टेव्हियस हाही प्लेबियनांनीच निवडलेला होता आणि त्याच्या स्वतःच्या ताब्यातही अशी जमीन होती. आपल्यातूनच निवडून जाऊन प्रस्थापितांची कामे करणाऱ्या प्रतिनिधीला आपल्या चळवळीत काय म्हणतात, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. टायबेरियसने लोकांच्या मताने त्याला पदावरून काढले आणि कायदा मंजूर करून घेतला. पण या घाईत ट्रिब्यूनच्या पदाला कुणी हात लावायचा नाही, हा दंडक त्याने स्वतःच सैल केला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

टायबेरियस पुन्हा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सिनेटर चालून आले. मोडलेल्या बाकांचे पाय आणि दांडकी घेऊन त्यांनी त्याला ठार मारले. त्याच्यासह सुमारे ३०० जण मेले आणि त्यांची प्रेते टायबर नदीत फेकली गेली. या झुंडीच्या पुढे कोण होता? नासिका, रोमचा मुख्य पुरोहित! ज्याला स्पर्श करणारा शापित ठरतो असे धर्म सांगत होता, त्याला धर्माच्या प्रमुखानेच मारवले. पवित्रता कुणासाठी असते आणि कुणासाठी नसते, हे त्या दिवशी उघड झाले.

धाकटा भाऊ गायस ग्रॅकस याने काम पुढे नेले, गरिबांना स्वस्त धान्य देण्याचा कायदा केला. इ.स.पू. १२१ मध्ये त्याचाही शेवट तसाच झाला. या वेळी सुमारे ३००० माणसे मारली गेली. हत्याकांड घडवणारा कॉन्सल ओपिमियस याने त्यानंतर काय बांधले? सलोख्याच्या देवतेचे मंदिर! न्याय मागणाऱ्याला आधी ठेचायचे आणि मग सलोख्याचे देऊळ बांधायचे. समता नको असलेल्यांना समरसता नेहमीच फार आवडते.

तलवार मालकाची झाली

यानंतर गरीब माणसाचा कायद्यावरचा विश्वास उडाला आणि तो सेनापतीकडे वळला. इ.स.पू. १०७ मध्ये मॅरियसने मालमत्ता नसलेल्यांना सैन्यात घेतले. या सैनिकाला निवृत्तीनंतर जमीन हवी होती. सिनेट ती सहजासहजी देणार नव्हती, सेनापती मिळवून देणार होता. साहजिकच निष्ठा सेनापतीकडे गेली. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला हे सैन्य घेऊन थेट रोमवर चालून आला. पुढे हुकूमशहा झाल्यावर त्याने विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावून त्यांना मारण्यासाठी बक्षिसे ठेवली आणि ट्रिब्यूनचे अधिकार कापून टाकले. ते अधिकार इ.स.पू. ७० मध्ये परत आले, पण पॉम्पी आणि क्रॅसस या दोन सेनापतींच्या कृपेने.

हा क्रॅसस म्हणजे स्पार्टाकसचे बंड मोडणारा. इ.स.पू. ७१ मध्ये कापुआ ते रोम या रस्त्यावर त्याने ६००० गुलामांना क्रुसावर लटकवले. ट्रिब्यूनचे दार या गुलामांसाठी कधीच उघडे नव्हते. आपल्या पायरीपर्यंत हक्क आले की लढा थांबवायचा आणि खालच्या पायरीकडे पाहायचे नाही, ही प्लेबियनांची उणीव होती. पायऱ्यांच्या व्यवस्थेत जगलेल्या आपणा सर्वांना ती कळू शकते.

आता ट्रिब्यूनचे पद हे मोठ्या माणसांचे खेळणे झाले. क्लोडियस या उमरावाला ट्रिब्यून व्हायचे होते, पण जन्म आड येत होता. इ.स.पू. ५९ मध्ये त्याने काय केले? स्वतःपेक्षा वयाने लहान असलेल्या एका प्लेबियनाला ‘वडील’ करून तो त्याला दत्तक गेला! राखीव जागेसाठी दाखला मिळवण्याचे उद्योग किती जुने आहेत, ते यावरून दिसते.

ज्युलियस सीझरची सत्ता हीही अशीच उभी राहिली. इ.स.पू. ६३ मध्ये प्रचंड पैसा वाटून तो मुख्य पुरोहित झाला, मग कॉन्सल, मग गॉलचा विजेता. इ.स.पू. ४९ मध्ये त्याने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली तेव्हा त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते, ट्रिब्यूनांच्या हक्कांचे रक्षण! त्याच वर्षी सरकारी खजिन्याच्या दारात मेटेलस नावाच्या ट्रिब्यूनने त्याला अडवले, तेव्हा सीझरने त्याला ठार मारण्याची धमकी देऊन खजिना उघडला. दुबळ्यांच्या हक्कांचे नाव घेऊन निघालेली तलवार दुबळ्यांच्या प्रतिनिधीवरच आधी रोखली गेली. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात हुकूमशहा झाला आणि १५ मार्चला सिनेटच्या बैठकीत त्याचा खून झाला.

काहीही न मोडता सगळे घेतले

सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन त्या वेळी १८ वर्षांचा होता. त्याने यादवी जिंकली, इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या लढाईत अँटनी व क्लिओपात्रा यांचा पराभव केला, आणि मग सीझरची चूक टाळली. इ.स.पू. २७ मध्ये त्याने सिनेटसमोर जाहीर केले की आपण प्रजासत्ताक लोकांना परत करीत आहोत. सिनेटने कृतज्ञतेने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि ज्या प्रांतांत बहुतेक फौजा होत्या ते प्रांतही दिले!

इ.स.पू. २३ मध्ये त्याने ट्रिब्यूनचा अधिकार घेतला. तो आता उमराव कुळातला असल्याने त्याला ट्रिब्यून होता येत नव्हते. मग त्याने पद सोडून दिले आणि पदाचा अधिकार तेवढा घेतला. मूळ ट्रिब्यून दहांपैकी एक असे, एका वर्षासाठी असे, आणि त्यालाही दुसरा ट्रिब्यून अडवू शकत असे. ऑगस्टसचा अधिकार तहहयात होता, त्याला अडवणारा कुणी नव्हता आणि त्याच्या मागे लोकांच्या शपथेऐवजी फौजा होत्या. इ.स.पू. १२ मध्ये तो मुख्य पुरोहितही झाला. कॉन्सल निवडले जात होते, सिनेट भरत होती, दरवर्षी ट्रिब्यूनही निवडले जात होते. एकही संस्था मोडली नाही. सगळ्यांतला जीव मात्र काढून घेतला.

लोक गप्प का राहिले? दोन दशकांच्या यादवीने ते थकले होते. ऑगस्टसने शांतता आणली हेही खरे, धान्य वेळेवर मिळू लागले हेही खरे. इ.स.पू. २२ मध्ये धान्यटंचाई झाली तेव्हा लोकांनीच सिनेटचे सभागृह घेरले आणि ऑगस्टसला हुकूमशहा करा, नाहीतर जाळून टाकू, अशी धमकी दिली. त्याने हुकूमशहा हे नाव नाकारले आणि धान्याची व्यवस्था हाती घेतली. आपण किती जणांना किती पैसे वाटले, याचा हिशेब त्याने शिलालेखांतून जगाला सांगितला. ज्यांच्या पणजोबांनी पोटाला चिमटा घेऊन शहर सोडले होते, ते आता वाटपाच्या रांगेत उभे होते. भुकेल्याला दोष देता येत नाही. पण हक्क म्हणून मागितलेली भाकरी आणि कृपा म्हणून घेतलेली भाकरी यांत फरक असतो, तो रोम विसरला.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. नवा सम्राट टायबेरियसने निवडणुका लोकांच्या सभेकडून काढून सिनेटकडे नेल्या. लोक थोडे कुरकुरले, एवढेच इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. ज्या हक्कासाठी पूर्वजांनी शहर सोडले होते, तो हक्क गेला तेव्हा कुणी घरही सोडले नाही.

पुढे सत्ता कशी मिळत गेली? इ.स. ४१ मध्ये अंगरक्षक सैनिकांनी क्लॉडियसला सम्राट केले आणि बक्षिसे घेतली. इ.स. ६९ या एका वर्षात चार सम्राट झाले. इ.स. १९३ मध्ये अंगरक्षकांनी साम्राज्याचा चक्क लिलाव मांडला. दर सैनिकामागे २५,००० सेस्टर्स बोलून डिडियस ज्युलियानस सम्राट झाला आणि ६६ दिवसांत मारला गेला. त्या लिलावातल्या सम्राटाकडेही ट्रिब्यूनचा अधिकार होताच!

बोध कोणता?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की, संविधानाचे बाह्य रूप न बदलताही केवळ राज्यकारभाराची पद्धत बदलून संविधान विकृत करता येते. ऑगस्टसने दोन हजार वर्षांपूर्वी हेच केले होते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी सांगितले की, कितीही थोर माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. राजकारणातली भक्ती ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. इ.स.पू. २२ मध्ये सिनेटला वेढा घालणारे रोमन लोक याच वाटेने चालले होते.

म्हणून कोणतेही पद, कोणतीही राखीव जागा, कोणताही आयोग किंवा कोणतेही संरक्षण पाहताना ते कागदावर आहे की नाही, एवढेच पाहून समाधान मानू नये. ते कुणी निवडलेल्याच्या हातात आहे? त्याला जाब विचारणारा कुणी आहे का? आणि त्याच्यामागे लोकांची शपथ आहे की मालकाची मर्जी? हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. रोमच्या लोकांनी ते विचारणे सोडले, तेव्हा त्यांची ढाल त्यांच्या डोळ्यांदेखत सम्राटाचे सिंहासन झाली.

ट्रिब्यूनचे दार रात्रंदिवस उघडे असे, ते लोक येत होते म्हणून. लोक यायचे थांबले की दार उघडे असून उपयोग नसतो. आपल्या पूर्वजांनी आणि बाबासाहेबांनी जी दारे उघडली, त्यांतून जा-ये चालू ठेवणे, आतल्या माणसाला रोज जाब विचारणे आणि आपल्याही खालच्या पायरीवर कुणी उभे असेल तर त्याला हात देऊन आत घेणे, हे काम आपले आहे. ते दुसरे कुणी करणार नाही.